सड्यावरची सही

एकतीस वर्षे मी पुण्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवला. त्यात ‘विदारण’ हा धडा दरवर्षी यायचा. कायिक, रासायनिक आणि जैविक असे त्याचे तीन प्रकार मी इतक्या वेळा फळ्यावर लिहिले, की कोणी झोपेतून उठवून विचारले असते तरी उदाहरणांसह सांगितले असते. उदाहरणेही ठरलेली. भेगेत शिरलेले पाणी गोठते, फुगते आणि खडक फोडते, हे मी मोठ्या तळमळीने सांगे. वास्तविक मी जन्मात असे पाणी पाहिलेले नव्हते, आणि समोरच्या पोरांनी बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात. मात्र ज्या दगडाच्या घरात मी जन्मलो, तो त्या धड्यातल्या दुसऱ्या प्रकाराचा अस्सल नमुना आहे, हे वर्गात कधी बोललो नाही. घरच्या माणसाचे कौतुक चारचौघांत कोण करतो?

माझे गाव राजापूर तालुक्यात. घर खाली, आगराच्या कडेला. आणि घराच्या डोक्यावर सडा. सडा म्हणजे दूरवर पसरलेला उघडा कातळ. वैशाखात त्यावर अनवाणी पाऊल ठेवले तर फोड येतो, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावरच्या बोटभर मातीत सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुले अशी दाटतात की पाऊल ठेवायला जागा सापडत नाही. वरून काळपट दिसणारा हा दगड फोडला की आतून तांबडालाल निघतो. तोच जांभा.

फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या साहेबाला हा दगड मलबारात अंगाडिपुरम येथे भेटला. लोक तो विटांसारखा कापतात हे पाहून त्याने विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘लॅटराइट’ म्हटले आणि १८०७ साली ते छापले. आम्हांला अर्थातच नावासाठी साहेबाची वाट पाहावी लागली नाही.

जांभ्याची जन्मकथा मला नेहमी एखाद्या मोडत गेलेल्या घराण्यासारखी वाटते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपला काळा पाषाण झाला. त्यावर पाऊस पडू लागला. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड पिऊन किंचित आंबट होते, आणि त्या आंबटपणापुढे दगड फार काळ टिकत नाही. आधी चुना गेला, सोडियम-पोटॅशियम गेले, मॅग्नेशियम गेले. पुढे सिलिकाही वाहून गेली. ज्यांना जाता येईना असे लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. लोह गंजले, म्हणून तांबडा रंग. गेलेल्यांच्या जागा तशाच रिकाम्या राहिल्या, म्हणून हा दगड असा भोकाभोकांचा. घाटावर तोच काळा पाषाण कमी पावसात झिजला, तेव्हा त्याची कापसाची काळी जमीन झाली. थोरला देशावर शेतकरी झाला, धाकटा कोकणात कातळ होऊन बसला. एवढाच काय तो पावसाचा फरक. आमच्याकडे तो वर्षाला ३,००० मिलिमीटरच्याही वर पडतो.

हे सारे पाहायला पुस्तक नको, आमची विहीर पुरे. वाकून पाहिले की वरचे चिरेबंद कातळाचे कडे दिसते, त्याखाली ठिसूळ जांभा, मग पिवळट-पांढरी चिकणमाती, आणि अगदी तळाशी मूळचा काळा दगड. लाखो वर्षांचा हिशेब सात-आठ पुरुष खोलीत.

गेल्या वैशाखात दादाने बोलावून घेतले. दादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आयुष्यभर गावातच राहिला. जेवण झाल्यावर त्याने पानाच्या डब्याखालून एक कागद काढला. सड्याचा आमचा तुकडा चिरेखाणीला द्यायचा होता. सातबारा सामाईक, तेव्हा माझी सही हवी.

“वहिनीच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलंय,” तो म्हणाला. “आंब्याचं यंदा तू बघतोच आहेस.”

मी लगेच सही केली नाही. संध्याकाळी सडा पाहून येऊ म्हटले. तो हसला. “चल. मास्तर तो मास्तरच.”

वर पोचलो तो पलीकडच्या तुकड्यात यंत्र चाललेच होते. रुळांवरून सरकणारे गोल पाते कातळात उभ्या-आडव्या रेघा पाडते आणि लाल धुरळ्यात चिरे सुटे होतात. मी घड्याळ लावून पाहायचे ठरवले होते. पण पहिली ओळ निघाल्यावर घड्याळाकडे बघवेना. राजापूर तालुक्यातच कशेळीच्या सड्यावर कोणा आदिम माणसाने भला मोठा हत्ती कोरला आहे आणि त्याच्या पोटात आणखी किती जनावरे. जांभ्याची पाठ कठीण म्हणूनच ती चित्रे हजारो वर्षे टिकली. कोकणातल्या कातळशिल्पांची नावे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. कातळाला छिन्नी लावणारा तोही माणूसच, आणि हाही. भूशास्त्रज्ञ सांगतात की आज जगातल्या सगळ्या नद्या मिळून जेवढा दगडमाती हलवतात, त्याहून अधिक एकटा माणूस हलवतो. वर्गात हे वाक्य मी आकडा म्हणून सांगत असे.

“दादा, आपला झरा ह्या सड्याच्या पोटातून येतो,” मी म्हटले. “पाऊस ह्या भोकांतून खाली झिरपतो, चिकणमातीवर अडतो आणि आगराच्या वर बाहेर पडतो. कातळच काढला तर...”

“पाणी हल्ली मार्गशीर्षातच कमी होतं. ते ह्या यंत्रानं की पावसानं, तू सांग.”

मला सांगता आले नाही. दादा पुढे चालू लागला आणि एका डबक्यापाशी थांबला. आमचीच जुनी खाण. १९६७ साली, कोयनेच्या भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात, माणसांनी टिकाव-पहारीने ती खणली होती. (त्या भूकंपाशीही शास्त्रज्ञ धरणात कोंडलेल्या पाण्याचे नाते जोडतात, तेव्हा आम्ही मात्र तो देवीचा कोप समजलो होतो.) खाणीच्या भिंतींवर टिकावाचे घाव अजून स्पष्ट दिसत होते. इतक्या वर्षांत निसर्गाने तिथे काय केले म्हणाल, तर थोडे शेवाळ आणि एका कोपऱ्यात पिंपळाचे रोप. जैविक विदारण, मी मनात म्हटले.

“आबांनी हे तीन गुंठे कशाला दिले होते, ठाऊक आहे ना?” दादाने विचारले.

ठाऊक होते, पण ते कोणी मोठ्याने म्हटलेले मी कधी ऐकले नव्हते. पुढच्याच वर्षी मी पुण्याला कॉलेजात गेलो. दादा गेला नाही. पैसे एकापुरतेच होते.

रात्री मी सही केली. एवढेच मागितले की झऱ्याच्या माथ्यावरचा तुकडा सोडावा. दादाने कागदावर पेन्सिलीने तेवढी रेघ मारली. यंत्रवाला ती रेघ कुठवर मानतो ते पाहायचे.

निघताना एक ताजा चिरा गाडीत घालून आणला. नुकता काढलेला जांभा मऊ असतो. उन्हावाऱ्यात त्यातले लोह घट्ट होते, आणि मग तो घराला शंभर वर्षे पुरतो. जेष्ठात गॅलरीत ठेवला तेव्हा किल्लीच्या टोकाने रेघ ओढली तर उमटत होती. वहिनीच्या एका गुडघ्याचे ऑपरेशन श्रावणात झाले; दुसरा बाकी आहे. झऱ्याचे विचारले तर दादा म्हणतो, अजून पाऊस आहे, आत्ताच कसे कळणार?

परवा दिवाळीची आवराआवर करताना मी पुन्हा किल्ली लावून पाहिली. ती घसरली. पत्नीने चिऱ्यावरचा लाल भुगा फडक्याने पुसला, तो उंबऱ्याशी सरळ करून ठेवला आणि म्हणाली, “पणत्यांना बरा आहे. दोन मावतील.”