दिवाळीनंतरचा संघ

चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे बघायला शिकवणं, हे माझ्या कामातलं सगळ्यात किचकट काम. लाथ मारायला कुणाला शिकवावं लागत नाही. पण मागं कोण उभं आहे, मोकळी जागा कुठं आहे, हे चेंडू वाटेत असतानाच टिपायचं आणि पहिल्या स्पर्शातच तो त्या जागेकडं वळवायचा, ही सवय दहा-बारा वर्षांच्या पोरात जशी मुरते तशी सोळाव्या वर्षी मुरत नाही. तिला रोजचा सराव लागतो. पीटीच्या तासाला उरकण्यातलं ते काम नाही.

मी बीड जिल्ह्यात क्रीडाशिक्षक आहे. इथं दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला जातात आणि माझा संघ निम्मा होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि संसाराच्या बोचक्यांबरोबर ट्रकमध्ये पोरंही. सांगली, कोल्हापूर, सोलापूर, थेट कर्नाटक. परत येतात ती कारखान्याचा पट्टा पडल्यावर, मार्च-एप्रिलात. जूनपासून घोटून घेतलेलं तोवर पुसलं गेलेलं असतं. गंमत म्हणजे यातली काही पोरं कोल्हापूर जिल्ह्यातच असतात, जिथं पाटाकडील आणि खंडोबा तालमीचा फुटबॉल सामना म्हटला की शाहू स्टेडियम गच्च भरतं. आमचं पोरगं तेव्हा फडात वाढ्याच्या मोळ्या बांधत असतं.

जिल्ह्याचं नाव जगात नेलं आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये त्याचं सुवर्ण पाच शतांश सेकंदानं हुकलं. तेव्हापासून लोक विचारतात, "सर, साबळे झाला, मग फुटबॉलवाला का होत नाही?" उत्तर सरळ आहे, पण ऐकायला कुणाला आवडत नाही. साबळे बारावीनंतर सैन्यात गेला आणि धावपटू म्हणून घडला तो तिथं, विशीत. शाळेच्या पायपिटीनं कमावलेला दम तोवर शाबूत होता. फुटबॉल असा थांबत नाही. विशीत पहिल्यांदा नीट चेंडू शिकणाऱ्याला कुठलाच व्यावसायिक क्लब उभा करणार नाही.

म्हणून अकादमी. बार्सिलोनाच्या ज्या ला मासियाचं एवढं नाव, ती 1979 मध्ये सुरू झाली ती स्टेडियमशेजारच्या एका जुन्या शेतघरात, बाहेरगावच्या पोरांच्या मुक्कामासाठी. मेस्सी अर्जेंटिनाहून आला तेव्हा तेरा वर्षांचा होता. आपण अकादमी म्हणताच हिरवंगार मैदान डोळ्यासमोर आणतो. मी आधी विचारतो, जेवण कोण देणार? शाळा कुठली? ताप आला तर पोराजवळ कोण बसणार?

आपल्याकडेही हे जमलं होतं. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत आणि पुढे पुणे एफसीच्या अकादमीत घडला, आणि 2017 मध्ये सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. पण क्लबांचं पुढं काय झालं? 2007 साली निघालेल्या पुणे एफसीचा मुख्य संघ 2015 मध्ये बंद झाला. अकादमी एफसी पुणे सिटीनं घेतली, तर तो क्लबही 2019 मध्ये संपला आणि त्याच्या जागी हैदराबादचा संघ आला. डीएसके शिवाजियन्सनं लिव्हरपूलशी हात मिळवून निवासी अकादमी काढली होती. तीही टिकली नाही. मालकाचा हिशेब बिघडला की पहिला संघ दुसरीकडं खेळतो, पण चौदा वर्षांच्या पोरानं वर्षाच्या मध्यावर कुठल्या शाळेत जायचं? पोराला पुण्याला धाडू का, असं एखादी आजी मला विचारते तेव्हा माझी जीभ अडखळते ती याचमुळं. आई-बाप फडावर असतात, निर्णय तिच्याच गळ्यात असतो.

त्याच विश्वचषकाच्या तोंडावर, 15 सप्टेंबर 2017 रोजी, राज्यभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा कार्यक्रम झाला. शाळाशाळांत चेंडू आले. उपक्रम चांगला होता, पोरं वेड्यासारखी खेळली. आमच्या रानातल्या बाभळीच्या काट्यांपुढं ते चेंडू किती टिकणार! आणि दिवाळीनंतर चेंडू राहिला तरी पोरगं राहत नाही.

माझ्या मते बीडची अकादमी आधीच अर्धी उभी आहे, फक्त तिला कुणी अकादमी म्हणत नाही. गावोगावच्या शाळांतली हंगामी वसतिगृहं, आणि 2021 पासूनच्या संत भगवानबाबा योजनेतली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींची वसतिगृहं. आई-बाप फडावर गेले तरी पोरं तिथं मुक्कामाला असतात, दोन वेळ जेवतात, संध्याकाळ मोकळी असते. मुरमाची पट्टी, चार विटांचे गोल, एक भिंत आणि पाऊण तास. भिंतीवर चेंडू मारायचा, तो परत येईपर्यंत मागं बघायचं, मी किती बोटं दाखवली ते सांगायचं. मोजून सहा पोरं असली तरी चार जणांनी कडं करून दोघांना मध्ये पळवता येतं. मुलींना यात घेतलंच पाहिजे, कारण वसतिगृहात राहिलेली मुलगी लग्नाच्या घाईतूनही थोडी वाचते. हे फुटबॉलच्या बाहेरचं आहे, पण मला ते आत धरावंसं वाटतं.

मोठ्या क्लबांनी इथं येऊन अकादमी काढावी, असं मी म्हणत नाही. एक प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा पाठवा आणि निवडचाचण्यांचा महिना बदला. डिसेंबर-जानेवारीत चाचणी ठेवली की आमच्याकडून तीच पोरं येतात ज्यांच्या बापाची नोकरी आहे. जुलैत ठेवा. चिखल असेल, पण टोळ्या गावात असतात.