पनामाच्या झेंड्याखाली

परळहून आईचा फोन आला तेव्हा जहाज पनामा कालव्यातल्या गातून तलावात होतं. तिकडे सकाळचे साडेनऊ, इथे आदल्या रात्रीचे अकरा. समुद्रसपाटीपासून 26 मीटर उंचावर, गोड्या पाण्यात आमचं हे धूड तरंगतंय, हे तिला पटेना. मला तरी कुठे पटतं! 1914 पासून हेच चाललंय. पंप नाहीत. तलावाचं पाणी उताराने लॉकमध्ये, म्हणजे दारं असलेल्या हौदात सोडायचं, जहाज वर चढतं. नंतर तेच पाणी समुद्रात. जुन्या लॉकांतून एका जहाजामागे सुमारे 20 कोटी लिटर. चाळीत नळाच्या वेळा सांभाळत वाढलेल्या माणसाला हा हिशेब झोंबतो. 2023 मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा रोजची जहाजं कमी करावी लागली होती.

पनामा मी पाहिला तो असा डेकवरूनच. जहाजाच्या मागे मात्र झेंडा त्यांचाच, म्हणून भर समुद्रात कायदाही त्यांचा. लालबागची पोरं हे ऐकून म्हणतात, ‘दादा, आम्हालाही चिकटव ना.’ पोरांनो, नोकरीसाठी पैसे मागणारा एजंट दिसला की उठून चालू पडा. सरकारच्या डीजी शिपिंग कार्यालयाच्या यादीत त्याचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीच्या परवान्याचा क्रमांक आहे का, ते आधी बघा.