रिकामं घमेलं

शर्यतीचं मैदान रविवारी होतं. मी सोमवारपासूनच नानांच्या वस्तीवर मुक्काम ठोकला. नाना माझे चुलते, माळशिरसच्या शिवारातले. त्यांचा शंभू आदत खोंड, खिलार, अजून दुधाचे दात न पडलेला. शेजारच्या गावातल्या एका खोंडाशी त्याचा पैरा जुळला होता.

पुणे जिल्ह्यातल्या घाटात गाडा घड्याळाशी पळतो. आमच्याकडे चाकोऱ्या आखलेल्या असतात, चिठ्ठ्या टाकून गट पडतात आणि एका गटातल्या सगळ्या गाड्या एकदम सुटतात. पहिली येणारी सेमीला जाते, बाकीच्यांनी छकडा टेम्पोत चढवायचा. गाडीनं चाकोरी सोडली तर ती बाद. म्हणून माझ्यासारख्याचा जीव फायनलपेक्षा गटातच जास्त अडकलेला असतो.

बुधवारी शंभूनं छान फेरा काढला. शुक्रवारी कुणीतरी मोबाइलवर दुसऱ्या एका जोडीचा फेरा दाखवला आणि माझा धीर सुटला. म्हटलं, नाना, आज अजून एक काढू.

"नगं. सकाळधरनं रवंथ नीट करंना झालाय त्यो."

मी चहा होईपर्यंत तेच बोलत राहिलो. नानांना पुतण्याला नाही म्हणता येत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. फेरा काढला. शंभूच्या तोंडाला फेस आला. मी वेळ बघत होतो.

हा हट्ट एक वेळ कुणी माफ करेल, पुढचं नाही. रात्री गोठ्याजवळ मीच झोपलो होतो. शंभूनं हरभऱ्याचा भरडा अर्धाही खाल्ला नाही. पहाटे नाना उठायच्या आत मी ते घमेलं म्हशीपुढे रिकामं केलं आणि जागच्या जागी ठेवून दिलं. नानांनी रिकामं घमेलं बघितलं, शंभूच्या पाठीवर थाप मारली. जनावरांच्या डॉक्टरांचा दाखला त्याआधीच मिळालेला होता.

७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती थांबवल्या, तेव्हा मी कॉलेजात होतो. पुढे पहाटे चोरून होणाऱ्या मैदानांना मी गेलोय. तिथं काठ्या चालायच्या, शेपटीला चावे घ्यायचे, बॅटरीचे झटके द्यायचे, आणि मी टाळ्या वाजवल्यात. २०१७ ला राज्यानं कायदा केला, त्यावर उच्च न्यायालयाची स्थगिती आली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला. आता काठी, चाबूक, बॅटरी बंद. छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. नियम आले ते फार चांगलं झालं, असं मी मनापासून सगळ्यांना सांगायचो. शुक्रवारी मी काठीला हातही लावला नव्हता.

रविवारी झेंडा पडला. निम्म्या पल्ल्यापर्यंत आमची गाडी पुढे होती. मग शंभू ढिला पडला. पैऱ्याचा खोंड एकटाच ओढत राहिला, छकडा तिरका झाला, चाकोरी सुटली. बाद.

नाना आठवडाभर कारण शोधत होते. नाल तपासली, जू तपासलं, चाकोरीतल्या खड्ड्याला बोल लावला. मी शेजारी बसून हूं हूं करत राहिलो. पंधराव्या दिवशी घमेल्याचं सांगितलं. नाना बराच वेळ शंभूचं वशिंड चोळत राहिले.

"मला सांगून काय उपेग? पैरेवाल्याला जाऊन सांग."

मी गेलो. माणूस माझ्याहून वयानं लहान. अंगणातच उभं राहून सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही, हाताला धरून गोठ्यात घेऊन गेला. त्याच्या खोंडाचा खांदा अजून सुजलेला होता आणि त्यावर हळदीचा लेप होता.