येणाऱ्याशी आधी बोल

शेंडी, भंडारदरा

चि. दादूस,


साम्रदच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्यास, बरं वाटलं. सांदण दरी जवळ, गिऱ्हाईक येईलच. पण पैसे एकाने भरायचे आणि मुक्कामाला दुसऱ्याने यायचं, अशा बुकिंगबद्दल तुला सांगायचंय.

आपल्याकडे ते टळत नाही. पुण्यातला मुलगा आईवडिलांसाठी खोली घेतो, शिर्डी करून भंडारदऱ्यालाही जाऊन या म्हणतो. फोटो त्याने पाहिलेले असतात, यायचं त्यांनी. माझ्या वरच्या खोलीचा दगडी जिना तुला ठाऊकच आहे. एक आजी गुडघा दाबत पहिल्याच पायरीशी थांबल्या. मुलाला मी फोनवर जिना सांगितला होता, पण तो आईपर्यंत पोचलाच नव्हता. त्या रात्री त्या माझ्या माजघरात झोपल्या. आता राहायला येणाऱ्याचाच नंबर मी आधी मागते. जिना, संडास, फोनची रेंज, रात्रीचं जेवण, सगळं त्यांच्याच कानावर घालते.

एअरबीएनबीवर एकाने दुसऱ्यासाठी खासगी मुक्काम घेतला असेल, तर त्यांचे नियम आधी वाचून घे. नाहीतर नुकसान झाल्यावर भरपाई अडू शकते. तेव्हा येणाऱ्याने स्वतःच्या खात्यावरून बुकिंग करावं, असं गोडीने सांग.

खरी कसोटी काजव्यांच्या दिवसांत, मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत. मुंबई-पुण्याचे एजंट घाऊक बुकिंग घेतात आणि पर्यटकांना वाटेल ते कबूल करतात: शेकोटी, गाणी, काजव्यांसोबत फोटो. अरे, नर काजवा लुकलुकतो तो मादीला बोलवायला. बॅटरी आणि फ्लॅशच्या उजेडात ती खूण हरवते. काजवे बसतात ती हिरडा-सादड्याची झाडं अभयारण्यातली आहेत, दंड झाला तर एजंट पुण्यात असतो. म्हणून काय मिळेल, काय नाही, हे त्याच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घे. नावांची यादी आणि निम्मी रक्कम आल्याशिवाय जागा अडवू नकोस. यादी द्यायला जो कुरकुरतो, त्याला सरळ नाही म्हण. या बाबतीत मी कुणाची भीड धरत नाही.

पाहुण्यांच्या वहीत नावं राहणाऱ्यांची लिही, प्रत्येकाचं ओळखपत्र पाहून. आधारच्या पूर्ण नंबराची गरज नाही, शेवटचे 4 आकडे दिसणारी प्रत चालते. परदेशी पाहुणा असेल तर फॉर्म III (पूर्वीचा फॉर्म सी) 24 तासांत ऑनलाइन भरावा लागतो. तो कसा भरायचा ते इकडे आलास की दाखवते.

तुझ्या आईला विचारून जूनमधल्या बुकिंगची यादी धाड. एजंटांची नावं वेगळी लिही, त्यातले बरेचसे माझ्या ओळखीचे निघतील.

तुझी,
आत्या