चौकातला उतार

गडहिंग्लज,
मे अखेर

ती. सौ. अक्कास,


फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला ओरडून प्रवासवर्णन करायला जमत नाही. परवा तू विचारलंस, "काय काय बघितलंस?" मी ओरडलो, "बागा बघितल्या, चौक बघितले!" तर तू म्हणालीस, "चौक बघायला एवढ्या लांब?" मागं दाजी हसलेले मला ऐकू आले. म्हणून हे पत्र. शिवाय तुझ्याकडं एक काम आहे, ते शेवटी सांगतो.

आमच्या घोळक्यात एकवीस माणसं होती, बहुतेक सगळी निवृत्त. स्पेनच्या दक्षिण टोकाचा आंदालुसिया आणि समुद्र ओलांडून मोरोक्को, असा बारा दिवसांचा फेरा. बाकीचे फोटो काढायचे आणि मी खाली वाकून पाणी कुठून येतंय, कुठं जातंय ते बघायचो. तेहतीस वर्षं बंधाऱ्यांचे बरगे घालण्या-काढण्यात गेली, दुसरं काय दिसणार? ही वैतागून म्हणाली, "तुम्ही बाग बघायला आलाय, का मोजमापाची वही भरायला?"

खरं सांगू का, मला त्या बागा बागा वाटल्याच नाहीत. ते पाटबंधाऱ्याचं काम आहे, अंगावर जरीची शाल घेतलेलं.

ग्रॅनडाचा अलहम्ब्रा डोंगरावर आहे आणि दारो नदी खाली घळीत. नदी खाली आणि पाणी हवंय वर, हे दुखणं हिरण्यकेशीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. आपण नदीवर पंप बसवले आणि मोकळे झालो. तेराव्या शतकातल्या त्या सुलतानाजवळ पंप नव्हता. त्याच्या माणसांनी नदीच्या उगमाकडं सहाएक किलोमीटर मागं जाऊन, जिथं नदीच राजवाड्यापेक्षा उंचावर आहे तिथं, पाणी अडवलं आणि डोंगराच्या कडेकडेनं पाट काढून आणलं. त्याला म्हणतात 'असेकिया रिआल', म्हणजे सरकारी पाटच की! असेकिया हा शब्दही अरबी 'साकिया'वरून आलेला. ग्रॅनडात वर्षाला साडेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपली हिरण्यकेशी जिथं उगवते त्या आंबोलीत सात हजारांच्या घरात. म्हणजे आपल्या विसाव्या हिश्श्याच्या पावसात त्यांनी कारंजी उडवली.

आत एक चौक आहे. मधोमध चौतीस मीटर लांब, सात मीटर रुंद हौद आणि दोन्ही बाजूंना मर्टलच्या सुवासिक झुडपांच्या कापलेल्या रांगा. हौदात समोरचा मनोरा उलटा दिसतो, फोटोसाठी रेटारेटी त्याचीच. पण बघण्यासारखं आहे ते हौदाच्या दोन्ही टोकांना. तिथं जमिनीत बसवलेलं परातीएवढं एकेक गोल दगडी भांडं आहे. पाणी आधी त्यात उसळतं, तिथंच त्याचा जोर मोडतो, मग ते अरुंद सरीतून हौदात असं उतरतं की वरचा तवंग हलत नाही. धरणाच्या सांडव्याखाली पाण्याची रग जिरवायला आम्ही केवढं काँक्रीट ओततो! इथं एका दगडात काम भागवलंय. मी तिथं इतका वेळ उकिडवा बसलो, की पहारेकऱ्याला वाटलं मला चक्कर आली.

शेजारच्या चौकात बारा दगडी सिंहांनी पाठीवर कुंड तोललंय, भोवती एकशे चोवीस खांब. कुंडाच्या कडेवर त्या काळच्या दरबारी कवीची, इब्न झमरकची, कविता कोरलेली आहे आणि गाईड म्हणाला तिचा विषयही पाणीच. तिथून चार दिशांना चार चाऱ्या जातात आणि चौकाचे चार भाग होतात. हे तू बघितलंयस, अक्का! दाजींची बदली औरंगाबादला असताना तुम्ही आम्हांला बीबी का मकबरा दाखवायला नेलं होतं, तो चारबागच. इराणातली कल्पना, एक फाटा पश्चिमेला स्पेनपर्यंत गेला, दुसरा मोगलांबरोबर आपल्याकडं आला. सिंहांचा चौक चौदाव्या शतकातला, मकबरा सतराव्या. आणि त्या शहरातही आधी मलिक अंबरची नहर आली, 1617 च्या सुमारास, बागा-मकबरे मागाहून. पाणचक्कीपाशी दाजींनी मला विचारलं होतं, "पाणी वर कसं चढलं?" मी तेव्हा नवा नवा नोकरीला लागलेलो, ऐटीत दाब समजावून सांगितला. विजापूरला तर तो दाब जास्त होऊन मातीचे नळ फुटू नयेत म्हणून वाटेत उंच मनोरे बांधलेत, गंज म्हणतात त्यांना. आपल्या गावावर एके काळी त्याच आदिलशाहीचा अंमल होता. म्हणजे मी परक्या मुलखात गेलो नव्हतो, लांबच्या भाऊबंदांकडं जाऊन आलो एवढंच.

त्याच डोंगरावर सुलतानाचं उन्हाळी घर आहे, हेनेरालिफे. तिथं एक जिना आहे. त्याच्या दोन्ही कठड्यांत वरून पन्हळ खोदलीय आणि तिच्यातून पाणी पळतं. म्हणजे आपण कठड्याला धरून चढायला गेलो, की हात पाण्यात! उन्हाचं चढताना काय वाटलं ते लिहिता येत नाही. हिनं सगळा जिना तसाच हात बुडवून चढला आणि परत खाली उतरून पुन्हा चढला. गुडघ्यांची तक्रार त्या दिवशी झाली नाही. तिथल्याच लांब चौकात 1958 साली आग लागली होती. ती विझल्यावर खणलं, तेव्हा कळलं की मूळ वाफे चालायच्या वाटेपेक्षा बरेच खोल होते. कारंज्यांच्या ज्या कमानी सगळे बघायला जातात, त्या पुढच्या काळात कुणीतरी बसवलेल्या.

वाफा खोल का, तर पाट वाटेच्या उंचीवरून येतो आणि एकेक वाफा भरत जातो. माती ओल धरून ठेवते, आणि झाडांचे शेंडे पायांच्या पातळीला येतात, म्हणजे फुलांचा गालिचा. शोभा नंतरची, आधी पाणी पाजायची सोय. कोर्दोबाच्या मशिदीच्या अंगणात तर नारिंगांची झाडं ओळीनं लावलीत, प्रत्येकाला गोल आळं आणि आळ्याला आळं दगडी चारीनं जोडलेलं. आपल्या थोरल्या चुलत्यांची मिरचीची रानं आठवली. ती नारिंगं कडू असतात बरं का, खाण्याची नव्हेत, ईडलिंबाची बहीणच. त्यांना स्पॅनिशमध्ये 'नारांखा' म्हणतात. आपलंच 'नारंग' इराणी आणि अरबी तोंडांतून फिरत तिकडं पोचलं. साखर तशीच 'असूकार' झाली. अरबांनी नेलेला ऊस ग्रॅनडाखालच्या समुद्रकाठी हजारेक वर्षं पिकत होता, शेवटचा कारखाना 2006 साली बंद झाला. हे मी बसमध्ये सांगितल्यावर सांगलीचे एक साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ पुढचा तासभर गप्प बसले.

कोर्दोबातलंच एक खास तुझ्यासाठी. तिथं मे महिन्यात साध्यासुध्या लोकांच्या घरचे चौक सगळ्यांना बघायला उघडतात. 1921 पासून त्यांच्या स्पर्धा लागतात, 2012 साली युनेस्कोनंही त्यांची दखल घेतली. भिंतीवर वरपर्यंत कुंड्याच कुंड्या. वरच्या कुंड्यांना पाणी कसं घालतात, सांग बघू? लांब काठीच्या टोकाला पत्र्याचा डबा बांधून! एक तुझ्याच वयाची बाई तशी काठी घेऊन उभी होती, तोंड वर, डोळे बारीक केलेले. मला डालड्याच्या डब्यातल्या तुझ्या अबोल्या आठवल्या. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला. मी काठी मागितली, तिनं दिली. पहिल्या डब्याचं पाणी माझ्याच डोक्यावर.

सेविलचं सांगतो, कारण कामाचं आहे. तिथल्या अल्काझार राजवाड्यात एक मोठा चौक आहे, चौदाव्या शतकात पेद्रो नावाच्या ख्रिस्ती राजानं मुसलमान कारागिरांकडून बांधून घेतलेला. सोळाव्या शतकात कुणाला तरी वाटलं, झाडंझुडं कशाला, स्वच्छ संगमरवरी फरशी असावी. घातली. पुढं चारशे वर्षं लोक तीच मूळची समजत होते. 2002 नंतर खणलं, तर खाली जसाच्या तसा खोल वाफ्यांचा बगीचा, मधोमध हौद. आता फरशी काढून नारिंगं लावलीत. ते ऐकल्यापासून माझ्या डोक्यात आपला चौक घोळतोय.

मग तारिफाहून बोटीनं टँजियर, तासाभराचं अंतर. मोरोक्कोत 'रियाद' म्हणजे बागेचं घर. बाहेरून कोरी भिंत, लहान दार, आत शिरलं की वळण, रस्त्यावरच्याला आतलं काही दिसू नये म्हणून. आपली देवडी तशीच होती की, पाहुणा सोप्यापर्यंत, पुढं माजघराला आडोसा. फेझच्या एका चौदाव्या शतकातल्या मदरशाच्या चौकातून नदीचा पाट आरपार जातो, त्यावर दोन चिमुकले पूल. मराकेशला भिंतींचा चुना नदीतल्या गोट्यानं आणि साबणानं घोटून इतका गुळगुळीत करतात की पाणी मुरत नाही. त्याच गावातली ती निळी बाग, फ्रेंच चित्रकाराची, सगळ्या जगाला ठाऊक आहे. रांगेत दीड तास गेला, निळा रंग छान आहे. पुढं चल.

मेनारा मात्र बघण्यासारखी. बाराव्या शतकातला तलाव, जवळजवळ दोनशे मीटर लांब, सभोवती जैतुनांची रानं. पलीकडं अ‍ॅटलासचे डोंगर, मे महिन्यातही कुठंकुठं बर्फाची रेघ. या भागात पाणी जमिनीखालून आणत, हलक्या उताराच्या भुयारांतून. 'खेत्तारा' म्हणतात. वरून आणलं असतं तर उन्हानंच पिऊन टाकलं असतं. शहरच्या शहर त्या भुयारांवर वाढलं. आणि आता? पंप आले, भूजल खाली गेलं, बहुतेक भुयारं कोरडी पडली. तिथं मी गाईडला म्हणालो, "पंप आमच्याकडंही आहेत." तो म्हणाला, "मग तुमच्याकडंही होईल." वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

चौकवाले कुठं राहतात म्हणशील, तर जुन्या शहरातले कितीतरी रियाद आता लॉज झालेत. आम्हीही एकात उतरलो होतो, रात्री झोप कारंज्याच्या आवाजात. वरती चक्क प्लॅस्टिकचं सरकतं छत होतं, पावसासाठी. तेव्हा आपला चौक झाकायला निघालेल्या आमच्या पोराला एकट्यालाच मी दोष देऊ नये हे मला कळतं.

तर काम. पोरगा म्हणतोय, मिरगाच्या आधी चौकावर फायबरचा पत्रा मारू. पावसात सोपा भिजतो, ही एकदा घसरलीय, आणि दोन मोटारसायकली उभ्या राहतील. त्याचं चुकतंय असं मला म्हणता येईना. पण आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी तुळशीकट्ट्याजवळच्या दोन शहाबादी फरश्या उचलल्या. माझ्या लग्नात, 1988 साली, आबांनी घाईनं घातलेल्या त्या. खाली वीतभर मुरूम आणि त्याखाली, अक्का, जुना घडीव काळा दगड जागच्या जागी! पाणसळ लावली. तुळशीपासून ईशान्येच्या कोपऱ्याकडं बरोब्बर चार बोटं उतार. पागोळ्यांचं सगळं पाणी तिथं जमत असणार. आबांच्या गवंड्यानं मुरूम टाकताना उतार उलटा करून टाकला, म्हणून सोपा भिजतो. पाऊस सदतीस वर्षं आहे तिथंच पडतोय.

कोपऱ्यात दगडाला भोक सापडलं, सिमेंटनं बुजवलेलं. अर्धा दिवस छिन्नी चालवली. पुढं मातीची खापरी पन्हळ आहे, पण ती सरळ न जाता माजघराच्या भिंतीखाली वळलीय. पाणी कुठं जात होतं? परड्यात केळी होत्या असं मला अंधूक आठवतं, पण मी तेव्हा चार वर्षांचा. तू बारा-तेरा वर्षांची होतीस, सकाळी सडा घालायचं काम तुझंच. पन्हळ परड्यात निघत होती, का शेजारच्या आडाकडं? आणि चौकात तो लहान हौद होता, ज्यात मी पडलो होतो म्हणतात, तो तुळशीच्या कुठल्या अंगाला?

पोरानं मला पंधरा दिवसांची मुदत दिलीय. त्यात पाणी मूळच्या वाटेनं निघालं तर पत्रा नको, नाहीतर पत्रा. एका कागदावर चौकाचं चित्र काढ, वाकडंतिकडं चालेल, उत्तर कुठली ते तेवढं लिही आणि दाजींना फोटो काढून पाठवायला सांग. पोस्टानं पाठवलंस तर मिरीग निघून जाईल.

दाजींना नमस्कार. त्यांना म्हणावं, सिंहांच्या चौकातलं पाणी वर कसं चढलं ते भेटल्यावर सांगतो, या वेळी ऐट न करता.

तुझा धाकटा भाऊ