मलकापूरचा गडी, शिडाची होडी

मी मलकापूरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे नळगंगा, तीही उन्हाळ्यात आटलेली! त्यामुळे मित्राने रविवारी मुंबईत क्लबच्या दोस्तीखात्यातल्या शर्यतीला नेलं, तेव्हा पोहता न येणारा मी लाइफ जॅकेट आवळून गप्प.

फंडा सोपा. वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जातच नाही. तिरकी, नागमोडी न्यायची. बोयाला वळसा घालताना शिडाचा आडवा दांडा फिरतो, तेव्हा डोकं खाली! याच मुंबईच्या समुद्रात १९८२च्या एशियाडमध्ये फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक जिंकलं होतं.

आम्ही? शेवटून पहिले. जिंकलेल्यांनीच चहा पाजला. पुढच्या रविवारी येताय? मी मात्र आधी पोहायला शिकतोय, बॉस!