दीप्तिमान नॅनोकण आणि त्यांचे सिलिकेचे कवच

जिवंत पेशीतील घडामोडी पाहण्यासाठी तिच्यात प्रकाश देणारा सूक्ष्म कण पाठवण्याची कल्पना आता नवी राहिलेली नाही. मात्र त्या कणाभोवतीचा सिलिकेचा थर म्हणजे निव्वळ वेष्टन, अशी जी समजूत लोकप्रिय लेखनात आणि अनेकदा शोधनिबंधांतही रुळली आहे, तिच्यामुळे या शास्त्रातील कळीचा प्रश्न मागे पडतो. गाभ्यात सेंद्रिय रंग असो, कॅडमियम सेलेनाइडचा क्वांटम डॉट असो किंवा युरोपियमचे संयुग असो, तो कण रक्तात टिकेल का, कोणत्या अवयवात साचेल आणि शरीराबाहेर कसा पडेल, हे मुख्यतः कवचाचा पृष्ठभाग आणि कणाचे एकूण आकारमान यांवर ठरते. पॉल ॲलिव्हिसाटोस यांच्या गटाने 1998 साली क्वांटम डॉट वापरून उंदराच्या पेशी रंगवून दाखवल्या, तेव्हा ते डॉट पाण्यात विरघळते राहिले तेही सिलिकेच्या लेपामुळेच.

हा लेप देण्याची प्रचलित रीत श्टोबर, फिंक आणि बोन यांनी 1968 साली प्रसिद्ध केली. इथेनॉल, पाणी आणि अमोनिया यांच्या मिश्रणात टेट्राइथिल ऑर्थोसिलिकेट हे सिलिकॉनचे द्रवरूप संयुग घातले की पाण्याच्या क्रियेने त्याचे रेणू फुटतात, एकमेकांशी जोडले जातात आणि सिलिकेचे गोल कण वाढू लागतात. काही वेळ नितळ दिसणाऱ्या द्रावणावर आधी निळसर झाक येते आणि मग ते दुधाळ होते. कृती सोपी असली तरी तिच्यातून मिळणारी सिलिका घट्ट काचेसारखी नसते, तिच्यात अतिसूक्ष्म छिद्रे राहतात, आणि पुढच्या साऱ्या वादाचे मूळ याच छिद्रांत आहे.

रंगाचे रेणू सिलिकेत नुसते अडकवून ठेवले तर ते हळूहळू बाहेर झिरपतात. म्हणून व्हॅन ब्लाडेरेन आणि व्रिज यांनी 1992 साली रंगाचा रेणू आधी अमिनोसिलेनशी रासायनिक बंधाने जोडला आणि मग त्याला सिलिकेच्या जाळ्यात विणून घेतले. तरीही अडकवलेल्या रंगाचे कण आजही बनवले जातात आणि पेशी उजळली की कण आत शिरला, असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. हा निष्कर्ष मान्य करता येण्याजोगा नाही, कारण सूक्ष्मदर्शकाला कण दिसत नसून रंगाकडून येणारा प्रकाश दिसतो, आणि सुटा झालेला तेलस्नेही रंग पेशीच्या पटलांत कणाच्या मदतीवाचूनही सहज शिरतो. सेंट्रिफ्यूजमध्ये कण तळाशी बसवल्यावर वरच्या निवळीवर अतिनील दिवा धरला आणि ती चमकली, तर एक तर रंग गळतो आहे किंवा काही कण बसायचे राहिले आहेत. तीच निवळी बारीक गाळणीतून गाळून पुन्हा पाहिली की दोहोंतील फरक कळतो. ही परीक्षा शुद्ध पाण्यात करून भागत नाही. रक्तद्रवातील प्रथिने रंग ओढून घेतात, त्यामुळे पाण्यात अभेद्य वाटलेले कवच रक्तद्रवात गळके ठरू शकते. शिवाय 4 अंश सेल्सिअसला पेशींचे कण गिळणे जवळजवळ थांबते; त्या तापमानालाही पेशीचा अंतर्भाग उजळत असेल, तर पहिला संशय सुट्या रंगावरच घ्यायला हवा. इतकी साधी पडताळणी ज्या प्रतिमेसोबत दिलेली नाही, ती कितीही देखणी असली तरी पुरावा म्हणून तिचे मोल फार थोडे आहे.

दुसरा गैरसमज उलट दिशेचा आहे. सिलिका म्हटले की खाणकामगारांचा सिलिकोसिस आठवतो आणि भीती वाटते. तो रोग स्फटिकी सिलिकेच्या, म्हणजे क्वार्ट्झसारख्या खनिजाच्या, श्वासावाटे फुप्फुसात साचणाऱ्या धुळीने होतो. येथील सिलिका अस्फटिकी असते आणि पाण्यात सावकाश विरघळून सिलिसिक आम्ल होते. म्हणून ती सर्वस्वी निरुपद्रवी ठरते असे मात्र नाही, कारण उघड्या पृष्ठभागावरील सिलॅनॉल गट तांबड्या पेशींची पटले फोडू शकतात, आणि त्यासाठीच कवचावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्यांचे आच्छादन देतात.

या सर्व अटी एकत्र सांभाळण्याचा गंभीर प्रयत्न कॉर्नेल विद्यापीठात उलरिच विस्नर यांच्या गटाने केला. मूत्रपिंडाच्या गाळणीतून साधारण 5.5 नॅनोमीटरपर्यंतचे कण सहज जातात, असे 2007 साली क्वांटम डॉटवरील प्रयोगांतून दिसले होते; कॉर्नेलचे कण त्याच्या थोडेच वर, 6 ते 7 नॅनोमीटरचे होते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2011 साली त्यांच्या मानवी चाचणीला परवानगी दिली, आणि 2014 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मेलानोमाच्या 5 रुग्णांत ते मुख्यतः लघवीवाटे बाहेर पडले. तेथे कणांना किरणोत्सारी आयोडीन जोडलेले होते आणि पेट स्कॅनच्या जोडीने रक्ताचे व लघवीचे नमुनेही तपासले गेले, म्हणून त्या निष्कर्षाला वजन आले. पाच रुग्णांवरून उपचाराची ग्वाही देता येत नाही, हे खरे.

कवचाच्या विरघळण्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. अस्फटिकी सिलिका सामान्य तापमानाला लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते, आणि पेशींवर कणांचे अतिविरल द्रावण घालतात तेव्हा ही मर्यादा गाठलीच जात नाही. अशा वेळी एक-दोन नॅनोमीटरचा थर हळूहळू झिजून आतले कॅडमियम किंवा रंग उघडा पडू शकतो. यास्तव निवळीची तपासणी कण तयार झाल्याच्या दिवशी एकदा करून थांबू नये. प्रयोगात वापरलेल्याच विरलतेला, रक्तद्रवात, प्रयोग चालेल तितके दिवस ती करत राहावी आणि तिचे आकडे प्रतिमेशेजारीच छापावेत.